इंग्रजी बोलणारे शंका आणि विश्वास कसे व्यक्त करतात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठी माध्यमात शिकून नोकरीच्या निमित्ताने रोज इंग्रजी लिहावे लागणाऱ्या मंडळींना शिकवताना आणि त्यांची पत्रे तपासताना जे प्रश्न पुन्हा पुन्हा समोर आले, ते येथे एकत्र केले आहेत. काळ, कर्ता, कर्म यांचे नियम बहुतेकांना पाठ असतात. घोडे अडते ते 'असेल बहुतेक', 'आला म्हणे', 'काही सांगता येत नाही' अशा ठिकाणी, म्हणजे बोलणाऱ्याने आपल्या विधानावर किती भार टाकला आहे हे सांगणाऱ्या शब्दांपाशी. इंग्रजीत असा बहुतेक प्रत्येक शब्द होकाराकडे किंवा नकाराकडे थोडा कललेला असतो, आणि तो कल ओळखता आला नाही तर व्याकरणाने निर्दोष असलेले वाक्यही उलटा अर्थ पोहोचवते.

'आय डाउट' म्हणजे 'मला शंका आहे' असेच ना?

नेमके तसे नाही, आणि सर्वांत महागात पडणारी चूक हीच आहे. मराठीत शंका आणि संशय हे शब्द दोन्ही बाजूंना चालतात. 'त्यानेच पैसे घेतले असा मला संशय आहे' असे म्हणताना आपले मत 'घेतले' या बाजूला झुकलेले असते. 'तो वेळेवर येईल का, याची मला शंका आहे' असे म्हणताना ते 'येणार नाही' या बाजूला झुकलेले असते. बाजू कोणती, हे उरलेल्या वाक्यावरून आपोआप कळते. इंग्रजीत या दोन बाजूंना दोन स्वतंत्र क्रियापदे आहेत: होकाराकडे झुकणारे 'सस्पेक्ट' आणि नकाराकडे झुकणारे 'डाउट'. 'आय सस्पेक्ट ही टुक द मनी' म्हणजे पैसे त्यानेच घेतले असावेत. 'आय डाउट ही टुक द मनी' म्हणजे त्याने ते घेतले असतील असे मला वाटत नाही.

एका कारखान्यातील देखभाल विभागाच्या अभियंत्याने परदेशी पुरवठादाराला लिहिलेले पत्र माझ्याकडे उशिरा, म्हणजे पाठवून झाल्यावर आले होते. पंपातून खरखर ऐकू येत होती, हाउसिंगला हात लावता येऊ नये इतके ते तापत होते, आणि बेअरिंग गेले असावे हे त्या विभागातील सर्वांना दिसत होते. पत्रात मात्र वाक्य होते, 'वुई डाउट द बेअरिंग हॅज फेल्ड'. वाचणाऱ्याने त्याचा सरळ अर्थ घेतला की बेअरिंग शाबूत आहे असे या लोकांचे मत आहे, आणि त्याने सीलचा संच पाठवून दिला. पुढे दोन्ही बाजू एकमेकांवर वैतागल्या. लिहिणाऱ्याने मराठीतला विचार चोख मांडला होता आणि वाचणाऱ्याने इंग्रजी चोख वाचले होते. तेथे 'सस्पेक्ट' हा एक शब्द हवा होता.

गंमत म्हणजे आपली ही समजूत इंग्रजीला अगदीच परकी नाही. स्कॉटलंडमध्ये आजही 'आय डाउट इट्स गोइंग टू रेन' म्हणणारा माणूस छत्री घेऊन निघतो, कारण तेथे त्याचा अर्थ 'पाऊस येणार असे दिसते' असा होतो, आणि शेक्सपिअरच्या काळातील इंग्रजीतही 'डाउट' हे 'भीती वाटणे, संशय येणे' या अर्थाने येत असे. परंतु लंडन, न्यूयॉर्क किंवा सिडनी येथे पाठवायच्या पत्रात हा बचाव उपयोगी पडत नाही.

वर्गात 'आय हॅव अ डाउट' म्हटले तर परदेशी शिक्षक गोंधळतात. असे का?

कारण त्यांना वाटते की आपण शिकवलेले या विद्यार्थ्याला पटलेले नाही. आपल्याकडे शिकवणीच्या वर्गात 'डाउट' म्हणजे न समजलेला भाग, आणि तो 'क्लिअर' करायचा असतो. ही सोय भारतीय इंग्रजीने स्वतःसाठी करून घेतली आहे आणि भारतात ती बिनदिक्कत चालते. भारताबाहेर मात्र 'आय हॅव अ क्वेश्चन' म्हणावे. 'आय हॅव माय डाउट्स' असे अनेकवचनात म्हटले, तर तो जवळजवळ आरोपच होतो: हे काही खरे दिसत नाही.

'डाउट'नंतर 'दॅट' लावावे, 'इफ' लावावे की 'व्हेदर'?

होकारार्थी वाक्यात तिन्ही चालतात. 'आय डाउट इफ ही विल कम' हे बोलण्यातले, 'व्हेदर' थोडे लेखी वळणाचे, आणि 'दॅट' लावले की अविश्वास किंचित अधिक ठाम होतो. वाक्य नकारार्थी झाले की मात्र 'दॅट'च लावावे: 'आय डोन्ट डाउट दॅट ही इज ऑनेस्ट'. शंका उरलीच नाही म्हटल्यावर 'की नाही' हा प्रश्नही उरत नाही, हे त्यामागचे तर्कशास्त्र आहे. ज्यांनी फ्रेंच किंवा स्पॅनिश शिकली आहे त्यांना शंकेच्या क्रियापदानंतर पुढील क्रियापदाचे रूप बदलण्याची सवय असते. इंग्रजीत तसे काही करावे लागत नाही.

'मला वाटतं तो येणार नाही' याचे सरळ भाषांतर चूक आहे का?

चूक नाही, पण कानाला कडक लागते. 'आय थिंक ही विल नॉट कम' हे वाक्य निकाल दिल्यासारखे ऐकू येते. इंग्रजी बोलणारा नकार मागे ओढून पहिल्या क्रियापदाला जोडतो: 'आय डोन्ट थिंक ही विल कम'. मराठीतही 'तो येईल असे मला वाटत नाही' ही रचना आहेच, फक्त आपल्याकडे दोन्ही रचना सारख्याच सहजतेने येतात आणि इंग्रजीत दुसरीचे पारडे फार जड आहे.

हा नियम मात्र सर्व क्रियापदांना लागू पडत नाही. 'होप' नकार मागे घेत नाही. 'आय डोन्ट होप ही फेल्स' असे कोणी म्हणत नाही, 'आय होप ही डझन्ट फेल' असेच म्हणतात. त्रोटक उत्तरांतही हा फरक जसाच्या तसा उतरतो. 'पाऊस येईल का?' याला 'आय डोन्ट थिंक सो' हे नेहमीचे उत्तर आहे, तर 'येऊ नये म्हणजे झाले' यासाठी 'आय होप नॉट' असे म्हणतात. वाईट बातमी द्यायची असेल तर 'आय ॲम अफ्रेड सो' किंवा 'आय ॲम अफ्रेड नॉट'. येथे भीतीचा काही संबंध नसून 'सांगायला वाईट वाटते, पण' एवढाच त्याचा अर्थ असतो. 'डाउट' हे या कुटुंबातले असूनही 'सो' घेत नाही. 'आय डाउट इट' असेच म्हणावे लागते.

'असेल', 'असणार', 'असावा' यांना इंग्रजीत काय म्हणायचे?

या प्रश्नावर मराठी माणसाने थोडा अभिमान बाळगायला हरकत नाही, कारण इंग्रजीला जे काम साहाय्यक क्रियापदांची रांग लावून करावे लागते, ते मराठी एका प्रत्ययात करते. 'ती निघाली असणार' यात पुरावा जवळजवळ पक्का असतो: दाराला कुलूप आहे, चपला जागेवर नाहीत. इंग्रजीत हे 'शी मस्ट हॅव लेफ्ट'. 'ती निघाली असावी' हे विध्यर्थी रूप लिखित मराठीत सावध अनुमानासाठी येते. तेथे 'शी हॅज प्रॉबब्ली लेफ्ट' शोभते. 'निघाली असेलही' यातील 'ही' सगळा भार काढून घेतो, म्हणून 'शी मे हॅव लेफ्ट' किंवा त्याहून सैल 'शी माइट हॅव लेफ्ट'.

राहिले नुसते 'असेल'. ते संदर्भाप्रमाणे वर-खाली होते, आणि नेमकी येथेच घसरगुंडी होते. दिवसभर राबून आलेल्या माणसाला आपण 'दमला असाल' म्हणतो ते आपुलकीने, आणि आपल्याला त्याची खात्री असते. त्याचे 'यू माइट बी टायर्ड' केले की ऐकणाऱ्याला वाटते, हा माझ्या दमण्याविषयीच साशंक आहे. तेथे 'यू मस्ट बी टायर्ड' हवे. शाळेत 'मस्ट' म्हणजे 'केलेच पाहिजे' एवढेच शिकल्यामुळे अनेकांना हे वाक्य हुकूम वाटते, पण अनुमानाचे 'मस्ट' इंग्रजी संभाषणात पदोपदी भेटते. दारावरची घंटा वाजली की इंग्रज माणूस 'दॅट विल बी द पोस्टमन' म्हणतो, आणि हे तर थेट आपले 'पोस्टमन असेल' आहे. भविष्यकाळाचे रूप वर्तमानाविषयीच्या अंदाजासाठी वापरण्याची खोड दोन्ही भाषांना आहे.

नकारात जपून राहावे. 'तो घरी असणे शक्यच नाही' याला 'ही कान्ट बी ॲट होम' म्हणतात, 'ही मस्ट नॉट बी' नव्हे. अमेरिकेत अनुमानासाठी 'मस्ट नॉट' ऐकू येते, पण ब्रिटिश कानाला ती मनाई वाटते. 'घरी नसेलही' याला 'ही माइट नॉट बी ॲट होम' म्हणतात. 'तुम्हाला माहीत असेलच' याचे 'यू मस्ट बी नोइंग' हे रूपांतर फार लोकप्रिय आहे. तेथे 'ॲज यू प्रॉबब्ली नो' लिहावे.

वाक्याच्या शेवटी येणारे 'वाटतं' आणि 'म्हणे' इंग्रजीत कसे आणायचे?

'मला वाटतं पाऊस पडून गेला' आणि 'पाऊस पडून गेला वाटतं' ही दोन वाक्ये एक नाहीत. पहिले मत आहे. दुसरे बोलणाऱ्याने सकाळी गॅलरीत येऊन ओली फरशी, कुंड्यांखाली साचलेले पाणी आणि कोपऱ्यात चिकटून बसलेली पाने पाहिलेली असतात, आणि तो त्या पुराव्यावरून बोलत असतो. या दुसऱ्याला 'आय थिंक' पुरत नाही. 'इट मस्ट हॅव रेन्ड' किंवा बोलीत 'लुक्स लाइक इट रेन्ड' असे म्हणावे.

'आय थिंक' हेदेखील वाक्यात कोठे बसते आणि त्यावर किती जोर पडतो यावर बरेच ठरते. 'ही इज ॲट होम, आय थिंक' यात शेपटीसारखे आलेले 'आय थिंक' आधीचे विधान सैल करते. सुरुवातीलाच 'थिंक'वर जोर देऊन 'आय थिंक ही इज ॲट होम' म्हटले, तर अर्थ होतो: आहे घरी, पण माझ्यावर भिस्त ठेवू नका. तेच शब्द 'होम'वर जोर देऊन म्हटले, तर ती साधी माहिती ठरते. लिहिताना हा जोर दाखवता येत नाही, म्हणून पत्रात 'बट आय ॲम नॉट सर्टन' असे वेगळे लिहिलेले बरे.

'म्हणे' हा तर मराठीचा दागिना आहे. एका शब्दात आपण सांगतो की हे मी ऐकले आहे, पाहिलेले नाही, आणि खरे-खोटे ज्याचे त्याने ठरवावे. इंग्रजीत याची कामे वाटून दिलेली आहेत. नुसते ऐकलेले सांगायचे असेल तर 'अपॅरंटली': 'अपॅरंटली, दे आर मूव्हिंग टू नागपूर', म्हणजे ते नागपूरला चाललेत म्हणे. त्यात तिरकस अविश्वास मिसळायचा असेल तर 'सपोजेडली'. गुन्ह्याचा किंवा बदनामीचा मामला असेल तर 'अलेजेडली', ज्याला आपली वृत्तपत्रे 'कथित' म्हणतात. 'अपॅरंटली' हा शब्द 'स्पष्टपणे' या अर्थी वापरण्याची चूक बरीच दिसते. तेथे 'क्लिअरली' हवे, कारण रोजच्या बोलण्यात 'अपॅरंटली' जबाबदारी झटकतो, घेत नाही.

'आय ॲम शुअर' आणि 'नो डाउट' हे तर पक्के शब्द आहेत ना?

दिसतात पक्के, पण आहेत कच्चे. दार बंद केल्याचे ज्याला ठाऊक आहे तो 'आय लॉक्ड द डोअर' एवढेच म्हणतो. 'आय ॲम शुअर आय लॉक्ड द डोअर' म्हणणारा बहुधा जिन्यावरून परत वर जाण्याच्या विचारात असतो. मराठीतही 'मी नक्की लावलंय कुलूप' यातला 'नक्की' संशयाचा वास आल्याशिवाय येत नाही. ज्ञान असेल तर खात्रीची ग्वाही लागत नाही, आणि ग्वाही दिली की ऐकणारा सावध होतो.

'नो डाउट ही विल बी लेट' याचा अर्थ 'निःसंशय' असा नसून 'बहुतेक उशीरच करणार, नेहमीप्रमाणे' असा आहे, आणि त्यात थोडी कुरकुरही असते. खरोखर निःसंशय म्हणायचे असेल तर 'देअर इज नो डाउट दॅट' असे पूर्ण वाक्य करावे लागते. 'विदाउट डाउट' हेही ठाम आहे; 'डाउटलेस' मात्र दिसायला शंकारहित असूनही 'नो डाउट'च्याच पंगतीत बसते.

अशा शब्दांची टक्केवारी ठरलेली असते का?

रोजच्या बोलण्यात नाही, आणि त्यामुळे अनर्थ होऊ शकतो हे अमेरिकेच्या गुप्तचर यंत्रणेने अनुभवले आहे. 1951 मध्ये सीआयएच्या एका अहवालात युगोस्लाव्हियावर हल्ला होण्याची 'सीरियस पॉसिबिलिटी' असल्याचे लिहिले होते. अहवाल तयार करणाऱ्यांपैकी शर्मन केंट यांच्या मनात त्याचा अर्थ साधारण 65 टक्के शक्यता असा होता. परराष्ट्र खात्यातील वाचकाने ती बरीच कमी समजली होती. केंट यांनी मग आपल्याच सहकाऱ्यांना विचारले, तर ज्या शब्दांवर सर्वांनी एकमताने संमती दिली होती, त्यांचा अर्थ कोणी 80 टक्के तर कोणी 20 टक्के धरलेला निघाला. 1964 मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेखात त्यांनी एक कोष्टक मांडले, ज्यात 'प्रॉबेबल' म्हणजे सुमारे 75 टक्के आणि 'ऑलमोस्ट सर्टन' म्हणजे सुमारे 93 टक्के धरावेत असे सुचवले.

हवामानबदलावरील आंतरसरकारी समिती, म्हणजे आयपीसीसी, आपल्या अहवालांत अशीच शिस्त पाळते: तेथे 'लाइकली' म्हणजे किमान 66 टक्के, 'व्हेरी लाइकली' म्हणजे किमान 90 टक्के आणि 'व्हर्च्युअली सर्टन' म्हणजे किमान 99 टक्के. शेजाऱ्याने 'इट्स लाइकली टू रेन' म्हटले तर मात्र आकडा शोधू नये, आकाशाकडे पाहावे.

'बिलीव्ह' आणि 'बिलीव्ह इन' यांत काय फरक आहे?

'आय बिलीव्ह यू' म्हणजे तू आत्ता जे सांगितलेस ते मी खरे मानतो. 'आय बिलीव्ह इन यू' म्हणजे तुझ्या कुवतीवर, तुझ्यावर माझा भरवसा आहे. परीक्षेला निघालेल्या मुलीला आई हे म्हणेल. देव, भूत, नशीब, लोकशाही यांच्या बाबतीत 'इन' लागते. मराठीत यांपैकी बहुतेकांना 'विश्वास' हा एकच शब्द पुरतो, म्हणून 'इन' गळते किंवा नको तेथे चिकटते. किल्ली शेजाऱ्यांकडे ठेवण्याइतका विश्वास असेल तर तेथे 'ट्रस्ट' हवे. आणि कार्यालयीन इंग्रजीत 'आय बिलीव्ह द मीटिंग इज ॲट फोर' असे कोणी म्हटले, तर त्यात श्रद्धा शोधू नये. ते 'माझ्या माहितीप्रमाणे' याचे नेटके रूप आहे.

'आय ॲम थिंकिंग', 'आय ॲम डाउटिंग' असे म्हणावे का?

'मला वाटतंय' हे रूप डोक्यात असल्यामुळे तसे तोंडात येते, पण मत सांगताना 'आय थिंक', 'आय बिलीव्ह', 'आय डाउट' हीच साधी रूपे वापरावीत. विचार अजून चालू असेल, निर्णय झालेला नसेल, तर 'आय ॲम थिंकिंग ऑफ बाइंग अ स्कूटर' हे योग्य आहे.

'आय ॲम नॉट शुअर आय अग्री' असे साहेबांनी लिहिले. म्हणजे त्यांचे मत अजून ठरायचे आहे का?

ठरलेले आहे, आणि ते नकाराचे आहे. विशेषतः ब्रिटिश कार्यालयांत शंकेचे शब्द हे नकाराला घातलेले मऊ आवरण असते. 'आय वंडर इफ दॅट इज द बेस्ट अप्रोच' म्हणजे तसे करू नका. 'आय माइट बी राँग, बट' म्हणणाऱ्याला आपण चुकत आहोत असे सहसा वाटत नसते. आपल्याकडेही 'बघू', 'विचार करून सांगतो' यांचा अर्थ कोणाला समजावून द्यावा लागत नाही, त्यामुळे ही पद्धत शिकायला मराठी माणसाला फार काळ लागू नये. अमेरिकी सहकारी तुलनेने उघड बोलतात, हे खरे असले तरी त्यावरही फार विसंबू नये.

वृत्तपत्रातला 'संशयाचा फायदा' आणि बोलण्यातला 'बेनिफिट ऑफ द डाउट' एकच का?

मूळ एकच आहे. फौजदारी खटल्यात गुन्हा वाजवी संशयापलीकडे सिद्ध झाला नाही तर आरोपी सुटतो, आणि आपल्या बातम्यांत 'संशयाचा फायदा देऊन निर्दोष मुक्तता' असे छापून येते. बोलण्यात मात्र 'लेट्स गिव्ह हर द बेनिफिट ऑफ द डाउट' म्हणजे तिच्याविषयी वाईट कल्पना करण्याआधी चांगली शक्यता गृहीत धरू या, एवढेच. इंग्लंडमधील न्यायाधीश हल्ली ज्युरीला हे समजावताना 'वाजवी संशय' हे शब्द टाळून, आरोपी दोषी असल्याविषयी तुम्ही 'शुअर' असायला हवे, असे सांगतात. वर ज्या 'शुअर'ला कच्चे म्हटले, तोच शब्द न्यायालयात सर्वांत कठोर कसोटी होतो.

मुळीच विश्वास बसत नाही, हे कसे सांगायचे?

'काहीतरीच काय!' याला 'यू कान्ट बी सीरियस' किंवा 'यू मस्ट बी जोकिंग'. 'झाल्यावर बोलू' याला 'आय विल बिलीव्ह इट व्हेन आय सी इट'. ब्रिटिश माणूस 'पुल द अदर वन' म्हणाला तर तो सांगतो आहे की माझी थट्टा चालली आहे हे मला कळले. इंग्रजीत पाय ओढणे म्हणजे चेष्टा करणे, मराठीतल्यासारखे कोणाला खाली खेचणे नव्हे. ऐकीव गोष्ट बेताने खरी मानायची असेल तर 'टेक इट विथ अ पिंच ऑफ सॉल्ट' असे म्हणतात, आणि अमेरिकेत चिमटीऐवजी कण येतो. आपल्याकडे सांगणारा तिखटमीठ लावून सांगतो. त्यांच्याकडे मीठ ऐकणाऱ्याने आपले आपण घालून घ्यायचे असते.

'डाउट'मधल्या 'बी' अक्षराचा उच्चार का करत नाहीत?

कारण तो कधी नव्हताच. हा शब्द जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला तेव्हा त्यात 'बी' नव्हते; पुढे विद्वानांनी मूळ लॅटिन शब्द 'दुबितारे' याची आठवण राहावी म्हणून ते लेखनात घुसवले, आणि उच्चार होता तसाच राहिला. त्या लॅटिन शब्दाच्या मुळाशी 'दोन' आहे, जसा आपल्या 'द्विधा मनःस्थिती'त आहे, आणि जर्मन भाषेतील शंकेचा शब्द 'त्स्वायफेल' हाही 'दोन' वरूनच झाला आहे. लिहिताना 'बी' विसरू नये, बोलताना आठवू नये.